कोरडा कोट

"ह्यांचा कोट बघितलास का गं?" पडवीत बसलेल्या आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, विचारलं.

बघितला होता. उलटा करून झाला होता, दोन्ही काखांत हात घालून झाला होता, कॉलर चाचपून झाली होती. अंगणातल्या कडुनिंबाखाली दोरीवर रात्रभर टांगलेले बँडचे लाल कोट ओळीनं लोंबत होते. प्रत्येकाच्या पाठीवर, काखेत, कॉलरभोवती घाम वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. फक्त मधला, जरीच्या दुहेरी पट्टीचा मामंजींचा कोट मी इस्त्री करून दिला होता तसाच्या तसा परत आला होता. काखेत टाचलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यासुद्धा कोऱ्या करकरीत.

"बघितला की," मी म्हणाले.

"मग?"

"लई घामेजलाय. दोन पाणी लागतील."

खोटं बोलायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं म्हटल्यावर निभवायला तर हवं, कारण आत्याबाई कपबशी खाली ठेवून उठायच्या बेतात होत्या. मी कोट दोरीवरून ओढला आणि सरळ बादलीत बुडवला.

"अगं अगं! बुडवतीस काय? जरी काळी पडंल ना!"

"घाम लई होता, आत्याबाई."

त्या उठता उठता परत बसल्या. "म्हातारं काय ऐकायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. मी बादलीवर वाकून राहिले. तोंड वर करायची माझी छाती झाली नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. बार्शीत आमचा गुलमोहर ब्रास बँड होता. मास्तर म्हणजे माझे सासरे, गेनबा मास्तर. ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या ट्रम्पेटचा सूर निघाला की वरातीतली म्हातारी माणसंही रस्त्यात थांबायची, असं लोक सांगत. मी स्वतः कधी पाहिलं नाही. बँडवाल्यांच्या घरात सून म्हणून आले, पण आमच्यातली बाई बँडाबरोबर जात नसे. घाम गाळायचा पुरुषांनी आणि काढायचा बायकांनी, अशी आमच्या घरातली वाटणी होती.

आणि घाम काढणं म्हणजे काय, हे ज्यानं मे महिन्यात जाड लाल कोट घालून दुपारच्या वरातीत तीन कोस चाललेल्या माणसाचा कोट हातात धरलाय त्यालाच कळेल. ते कोट धुवायचे नसतात. धुतले की लाल रंग उतरतो आणि जरी काळी पडते. आधी रात्रभर सावलीत टांगायचे, सकाळी रेघा उमटल्या की डाग कुठं कुठं आहे ते दिसतं. मग गार पाण्याच्या फडक्यानं टिपायचं. गरम पाणी चुकूनही नाही, गरम पाण्यानं घामाचा डाग जन्माचा पक्का होतो. काखेच्या अस्तराला खायच्या सोड्याची लगदी लावून ठेवायची, ती वाळली की झाडायची, मग रिठ्याचं पाणी. लिंबू पांढऱ्या बनियनला चालतं, लाल कोटाला लावलं की तिथं गुलाबी चट्टा पडलाच म्हणून समजा. आणि डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही. नव्या नवरीच्या उत्साहात मी एकदा फिरवली होती. त्या कोटाच्या काखेतला पिवळा डाग बँड बंद पडेपर्यंत तसाच होता आणि दर लग्नसराईत आत्याबाई मला तो न चुकता दाखवायच्या.

घाम मुळात कमी लागावा म्हणून जे करायचं तेही आमच्याच गळ्यात. निघताना प्रत्येकानं काखेत तुरटीचा खडा फिरवायचा, आत बाह्यांचं बनियन घालायचं, आणि कोटाच्या काखेत आम्ही जुन्या लुगड्याच्या दुपदरी पट्ट्या टाचून द्यायच्या. परत आले की पट्ट्या उसवायच्या, उकळायच्या, पुन्हा टाचायच्या. लग्नाच्या एका दाट तिथीला मी झोपेतसुद्धा हातानं टाके घालत होते, असं आमचे हे सांगतात.

पण आत्याबाईंची खरी विद्या वेगळीच होती. त्या कोट वाचायच्या. ढोलवाल्याच्या खांद्यावर पट्ट्याची रेघ, झांजवाल्याची उजवी काख जास्त भिजलेली, ट्रम्पेटवाल्याच्या कॉलरीपासून छातीपर्यंत पानासारखा डाग. क्लॅरिनेटवाला नामदेव दोन लग्नांत नुसतं वाद्य तोंडाला लावून चालत होता, हे मास्तरांना कळलं नाही ते आत्याबाईंनी घरबसल्या सांगितलं. "ह्यानं वाजवलेलं न्हाई. ह्याच्या कोटाला माझ्या पदराएवढाबी घाम न्हाई." नामदेवानं पायावर डोकं ठेवलं म्हणून राहिला.

याच विद्येनं पुढं सगळं रामायण घडवलं.

त्या सकाळच्या आदल्या वर्षी, थंडीत, मामंजी छातीनं आजारी पडले. बरे झाले, पण डॉक्टर म्हणाले, आता फुंकायचं बंद. मामंजी हसले. घरी येऊन दुसऱ्याच दिवशी ट्रम्पेट पुसायला बसले. आत्याबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी चुलीपाशी होते, हे दारात होते.

"तुम्ही माझं ऐकायचं न्हाई, डॉक्टरचं ऐकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मग कोटाचं तरी ऐका. ज्या दिवशी तुमचा कोट कोरडा येईल, त्या दिवशी बाजा खुंटीला. मी काय बोलायची न्हाई, तुम्ही काय बोलायचं न्हाई. कोट सांगंल."

"कबूल," मामंजी म्हणाले. "माझा कोट कोरडा यायचा न्हाई."

"बघू की."

"बघच तू."

ती दोघं अशीच बोलत. तरुण नवराबायकोसारखी पैज. आम्ही हसलो होतो तेव्हा.

पहिली लग्नसराई निभावली. कोट आत्याबाईच उलटे करायच्या, दर वेळी "हाय बाबा हाय, भिजलाय" म्हणायच्या आणि मामंजी मिशीत हसायचे. पण त्या सराईअखेर आत्याबाईंच्या हाताला भेगा पडल्या, त्या पुढच्या वर्षीही भरल्या नाहीत. तळव्यांना अशा की रक्त येई. सोड्यानं झालं म्हणाल्या. हाताला एरंडेल तेल लावून, चिंध्या गुंडाळून त्या पडवीत पट्ट्या शिवत बसू लागल्या आणि कोट उलटे करायचं काम माझ्याकडे आलं. त्या सराईतल्या पहिल्याच मोठ्या लग्नानंतरची ती सकाळ, जी मी आधी सांगितली.

दुपारी हे जेवायला बसले तेव्हा आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मी भाकरी वाढली आणि म्हणाले, "मामंजींचा कोट कोरडा आला."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. भिजलाय म्हणाले."

ह्यांनी घास ताटात ठेवला. मग एकदम माझ्यावरच ओरडले, "तुला कोट धुवायला सांगितलाय का चौकशा करायला?"

ह्यांच्या ओरडण्याची मला सवय होती, आणि हे कशानं तरी हादरले की आधी ओरडतात हेही ठाऊक होतं. मग आपणच हळू आवाजात सांगू लागले.

"त्यांना श्वास पुरत न्हाई पद्मिन. चार पावलं चालून फुंकलं की डोळ्यापुढं अंधारी येती. म्हणून ते सावली-सावलीनं हळू चालतात, नुसती बोटं हलवतात, गाल फुगवतात. त्यांचे सूर मी माझ्या ट्रम्पेटवर काढतो. शेजारीच असतो ना मी. लोकांना काय कळतंय, डोळे मास्तरांवर असतात."

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांना ठाऊक हाय. कोण बोलत न्हाई."

"मग सांगा ना सरळ आत्याबाईंना. बसतील मामंजी घरी."

"घरी बसून काय करतील?" ह्यांचा आवाज चिरकला. "ट्रम्पेट खुंटीला लागलं की तात्या चार महिने काढायचे न्हाईत. जगायलेत ते त्या कोटावर. अंगात घातला की पाठ ताठ होती त्यांची, बघितलंयस ना तू?"

ते मी बघितलं होतं. एरवी उंबरा ओलांडताना चौकट धरणारा माणूस, कोट चढवला की दारातून वाकल्याशिवाय बाहेर पडत नसे इतका उंच व्हायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

कोट दर वेळी बादलीत बुडवून चालणार नव्हतं. रंग गेला असता. म्हणून पुढच्या लग्नानंतर मी पहाटेच उठले, वाटीभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं, कापसाचा बोळा भिजवला आणि मामंजींच्या कोटावर घाम काढायला बसले. म्हणजे लावायला. ज्या हातांनी उभं आयुष्य घाम काढला त्याच हातांनी लावायला बसले, आणि सांगते, काढण्यापेक्षा लावणं अवघड आहे.

पहिल्या खेपेला मी पाठीवर सरळ रेघ ओढली. वाळल्यावर बघते तर कोटाला पांढरी किनार लावल्यासारखं दिसत होतं. घाम असा नसतो. घाम एकदा येतो, वाळतो, पुन्हा येतो, पहिल्या रेघेच्या बाहेर दुसरी रेघ, तिच्या बाहेर तिसरी, आणि एकही धड सरळ नाही. मी शेजारी टांगलेला ह्यांचा कोट समोर धरला आणि शाळेत पोरं नकाशा उतरवतात तसा ह्यांचा घाम मामंजींच्या कोटावर उतरवला. ह्यांच्या कोटाला त्या वर्षी दुप्पट घाम होता, दोन माणसांचे सूर एकटे काढत होते ना. काखेतल्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवून पिळून परत टाचल्या. मग सूर्य वर आल्यावर तोच कोट आत्याबाईंच्या देखत फडक्यानं पुसायचा. आधी लावायचं, मग काढायचं. गाढवानं गोणी उतरवून पुन्हा पाठीवर घ्यावी तसलं ते काम, आणि करणारी मीच.

मामंजी सकाळी राखुंडी लावत अंगणात येत. दोरीवरच्या कोटांकडे बघत आणि विचारत, "भिजला होता काय गं पोरी?"

"लई भिजला होता मामंजी."

"हं," म्हणत आणि चूळ भरायला वळत. मला वाटे, म्हातारा सुखावला. पहाटेची झोपमोड त्या एका "हं"साठी मी सोसत होते. एवढंच मिळतंय तर एवढंच, असं मनाला सांगत होते.

ती सराई लांबली. त्या वर्षी तिथीच अशा आल्या की एका गावचा कोट वाळतो न वाळतो तोच दुसऱ्या गावाला निघायचा. बायामाणसांच्या कमरेचा काटा ढिला झाला. मी पाणी भरायची, कोट टिपायची, स्वयंपाक करायची आणि बसल्याजागी डोळा लागायचा. आत्याबाई दर वेळी पडवीतून विचारायच्या, "ह्यांचा कोट?" आणि मी म्हणायची, "भिजलाय." पुढं पुढं मला त्या प्रश्नाचीच धास्ती बसली. दर वेळी आवाज तसाच, कमी नाही, जास्त नाही.

सराईतलं शेवटचं लग्न वैरागला होतं. जून लागला होता तरी ढगाचा मागमूस नव्हता. निघताना मामंजींनी कोट घातला, जरीच्या पट्टीवरून हात फिरवला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. एरवी त्या "पाणी पीत राहा" म्हणायच्या. त्या दिवशी काहीच म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली. हे आधी उतरले आणि मामंजींना हात देऊन उतरवू लागले. मामंजींनी हात झटकला. मग दोन पावलं टाकून ते आपणच ह्यांच्या खांद्याला धरून उभे राहिले. तोंडावर राख फासल्यासारखा रंग होता. ओठ कोरडे पडले होते. आत्याबाईंनी ताकाचा तांब्या आणून दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. अंगात कोट तसाच होता. आत्याबाईंनी एकेक बटण सोडून तो काढला, झटकला आणि माझ्याकडे दिला.

त्यांचा हात कोरड्या कोटाला लागला होता. हे माझ्या ध्यानात आलं, पण मी इतकी दमले होते की त्याचा पुढचा विचार केलाच नाही.

सकाळी नेहमीसारखी उठले. वाटीत मीठ, पाणी, बोळा. आता हात सरावला होता, बघून उतरवायची गरज राहिली नव्हती. कॉलरीपासून छातीपर्यंत पानासारखा डाग, पाठीवर तीन रेघा. दिवस वर आला, रेघा वाळून पांढऱ्या झाल्या. मी बादली भरून ठेवली आणि बघते तर आत्याबाई पडवीतून उतरून येत होत्या. हाताच्या चिंध्या सोडलेल्या होत्या.

त्या पहिल्या कोटापाशी थांबल्या. पाठ बघितली, काख उलटी केली, नाकाशी नेली. मग दुसरा. मग तिसरा. पूर्वी करायच्या तशाच, एकेक. मी हातातलं फडकं पिळत उभी राहिले. पिळून पिळून त्यात थेंब राहिला नाही तरी पिळत होते.

मामंजींच्या कोटापाशी त्या थांबल्या. पाठीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं. काख नाकाशी नेली. मी मनात म्हणाले, गेलं, सगळं गेलं. मिठाला वास नसतो. इतके दिवस मी रेघा काढत बसले आणि घामाला वास असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आत्याबाईंनी काखेतली पट्टी दोन बोटांनी चुरगाळली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "मीठ कोणतं लावलंस? जाडं का बारीक?"

"जाडं," मी म्हणाले.

"जाडं लावू न्हाई. खडे जरीत अडकतात, जरी तुटती मग. बारीक कुटून घ्यायचं, फडक्यातून गाळून." त्यांनी पट्टी झटकली. दोन बारीक खडे खरोखरच खाली पडले. "मी गेल्या साली बारीकच लावत होते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गेल्या साली?"

"मग काय, तुला वाटलं गेल्या साली हे वाजवत होते?" त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "अक्षय्य तृतीयेच्या लग्नापासून कोरडा येतोय कोट."

"पण पैज तुम्हीच लावली होती, आत्याबाई."

"लावली होती. पहिल्यांदा कोट कोरडा आला तेव्हा हातात घेऊन त्यांच्या उशाशी गेले. म्हणलं, उठवते आणि दाखवते. झोपले होते. तोंड उघडं, छाती भात्यावानी. कसं दाखवू? माघारी आले आणि मीठ घेतलं." त्यांनी आपले तळवे माझ्यासमोर धरले. भेगा भरत आल्या होत्या, पण खुणा होत्या. "हे काय सोड्यानं होतंय व्हय? रोजच्या मिठाच्या पाण्यानं झालं हे. तुझेबी बघ."

मी माझे हात बघितले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. मी आपली उन्हाळ्याच्या नावानं खडे फोडत होते.

"मग यंदा माझ्याकडे का दिलात कोट?"

"माझ्यानं होईना म्हणून." आत्याबाई हळूहळू खाली बसल्या, कोटांच्या सावलीतच. "म्हणलं, पोरीच्या हातात देऊ. तिनं खरं सांगितलं तर सांगितलं, माझ्या डोक्यावरचं तर उतरंल. मी काय सांगू शकले न्हाई, ती तरी सांगंल. दर वेळी तुला विचारत होते ना, ह्यांचा कोट? वाटायचं, आज म्हणशील कोरडा. आज तरी म्हणशील."

माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. मला कुणाचा राग आला होता ते सांगता येत नाही. एवढ्या पहाटा, एवढं पाणी, एवढी कंबर मोडली ती ज्या बाईपासून लपवायला, ती बाई रोज वाट बघत होती की मी सांगते कधी! मी म्हणाले, "एका शब्दानं तरी बोलायचं होतं!"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी त्यांच्या शेजारी बसले. दोघींच्या पाठींना कोट लागत होते.

तेवढ्यात मामंजी बाहेर आले. रात्रभर झोप लागलेली दिसत नव्हती. हातात राखुंडी नव्हती, तांब्या नव्हता. ते दोरीपाशी आले नाहीत. अंगणाच्या मधोमध कपडे आपटायचा दगड होता, त्यावर जाऊन उन्हातच बसले. आम्हा दोघींना एकत्र बघून त्यांनी नेहमीचं विचारलं, "भिजला होता काय?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चढ्या आवाजात म्हणाल्या, "भिजला होता का म्हणून काय विचारताव! दोन पाणी लागतील. जरा म्हणून दम खाऊ देत न्हाई तुम्ही आम्हाला."

इतकं खरं वाटलं ते भांडण की क्षणभर मलाच वाटलं, कोट खरंच भिजलेला असावा. पण मामंजी "हं" म्हणाले नाहीत. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"पद्मिन," ते म्हणाले, "त्या कोटाची शिवण उसव. तुझ्या नवऱ्याच्या, सुखदेवाच्या मापाचा कर. खांद्यात दोन बोटं जास्त लागतील त्याला."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "आणि तुम्ही?"

"मी दमलो गं."

आमच्या घरात हा शब्द पुरुषांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. उन्हातून आले, पायाला फोड आले, ओठ फुटून रक्त आलं, तरी कुणी दमलो म्हणत नसे. बँडवाल्यानं दमून चालत नाही, अशी शिकवण मामंजींचीच.

"मग आधी का न्हाई सांगितलंत?" आत्याबाई म्हणाल्या. "दोन सराया झाल्या! मरायला टेकलाव, तरी उन्हात जाताव! दमलाव तर घरी बसायचं होतं, कोण न्हाई म्हणत होतं?"

मामंजींनी मान वर केली. दोरीवरच्या कोटाकडे, मग आत्याबाईंकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"मी फुंकलं न्हाई, हे मला ठाऊक नव्हतं व्हय? कोट कोरडा काढून दिला तर कोरडाच दिसायला पायजे. गेल्या साली पहिल्यांदा दोरीवर बघितला तर रेघा. म्हणलं, बायको मीठ लावायलीय. मला वाटलं, मी बसावं असं तिला वाटत न्हाई. अजून घराला माझी गरज हाय. यंदा बघितलं तर सून लावायलीय." ते थांबले, श्वास घेतला. "तुम्ही दोघी पहाटं उठून हाताची सालटी काढून मीठ लावणार. मग मी कोणच्या तोंडानं सांगू की मला जायचं न्हाई?"

हे दारात येऊन उभे होते, कधीचे कोण जाणे. त्यांनी तोंड फिरवलं.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी त्या पुढं झाल्या, मामंजींच्या दंडाला धरलं आणि जन्मभर ओरडत आल्या तशाच ओरडल्या, "उन्हात काय बसलाव? उठा! सावलीला या आधी!"

आणि मामंजी उठून सावलीला आले.